निष्काळजी म्हणे!

६ मार्च २०२४, बुधवार

निष्काळजी! हा शब्द लिहिलाय त्यांनी. ह्यांना!

दोन पानी इंग्रजी पत्र, गुळगुळीत कागद, वर कंपनीचं सोनेरी चिन्ह. सगळ्याचा अर्थ एकच – झोपाळा चांगलाच होता, वापरणारा निष्काळजी होता. म्हणजे माझा नवरा. एकतीस वर्षं बडोद्याच्या रिफायनरीत सेफ्टीचं काम केलेला माणूस! साखळी असो नाहीतर क्रेनचा हूक, हातोडीने वाजवून कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर भंगारात. घरात पंखा बसवला तरी हे स्टुलावर, हातात ती छोटी हातोडी.

झोपाळा गेल्या दिवाळीत पाडव्याची ओवाळणी म्हणून घेतला, म्हणून बिलही माझ्या नावावर. कंपनीची माणसं लावून गेली, ती जिना उतरतात न उतरतात तोच हे चढले. एकेक कडी वाजवली. टण्, टण्, टण्. मी खाली स्टूल धरून उभी. "सगळ्या पास," म्हणाले, आणि मग मला बसू दिलं.

आणि जानेवारीत, रविवारी दुपारी, हे पेपर वाचत बसलेले. वरची एक कडी तुटली, फळी कलंडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, दीड महिना पलंग, आता वॉकर.

पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "लिहू दे ना, नयना."

लिहू दे? मी नाही लिहू देणार.

७ मार्च

कंपनीचं नाव ह्या वहीतसुद्धा लिहायचं नाही. "कंपनी" एवढं पुष्कळ झालं.

२३ मार्च, शनिवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर टेबलावर गरम सेवउसळ, वर तर्री, कांदा, पाव. "तूच मागितलीस," हे म्हणाले. फोन करून आणवली होती.

मी झोपेत बोलते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तेव्हापासून हा खेळ. मी झोपेत काहीबाही मागते, आणि हे जागेपणी आणून देतात! एकदा म्हणे पांढरा पोपट मागितला होता. संध्याकाळी जत्रेतून प्लास्टरचा पोपट घेऊन हजर. अजून टीव्हीवर बसलाय. मला ह्यातलं काही आठवत नाही. पूर्वी, आमची लेक, लहानपणी म्हणायची, आई, तू झोपेत सायकल माग ना माझ्यासाठी.

सेवउसळ खाताना वर बघितलं. छताचे चारही हूक रिकामे. फळी आणि पितळी कड्या बाल्कनीत गोणपाटात बांधून ठेवल्यात. तरी दुपारी पडलं की पलंग हलतो. खरंच हलतो! एक पाय नकळत जमीन शोधतो, रेटा द्यायला.

दोन महिनेच झुलले मी त्यावर. पण काय झुलले! पहिले काही दिवस तो अगदी मुका होता, दवाखान्यासारखा. मग दिवाळी संपली आणि एक दिवस बोलायला लागला – कुर्र-कुई, कुर्र-कुई. अगदी सासूबाईंच्या झोपाळ्यासारखा. त्यांचा, गंगाबाईंचा झोपाळा आमच्या नागरवाड्याच्या जुन्या घरात होता. पादरा गावच्या कंसाऱ्याने, म्हणजे तांबटाने, घडवलेल्या पितळी कड्या. इकडे सुभानपुऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा तो विकावा लागला. एक कडी मात्र मी मागून घेतली. लाल पंच्यात बांधून ट्रंकेत ठेवलीय.

तर नवा झोपाळा तसाच कुरकुरायला लागला, आणि मला वाटलं, वस्तूंनाही घर कळतं. डोळे मिटले की सासूबाई पलीकडे बसल्यात असं वाटायचं. मी तिथेच झोपायचे, दोन-दोन तास.

हे सगळं कुठल्या कोर्टात सांगणार?

९ एप्रिल, मंगळवार

गुढी उभारली. ह्यांनी वॉकर धरून नमस्कार केला.

पूर्वीचा पुण्याहून फोन. "आई, ग्राहक कोर्टात वकील लागत नाही. तू स्वतः बोलू शकतेस. तू तर बोलतेसच!" तिने कागद तयार करून पाठवलेत. तक्रार माझ्या नावाने. ह्यांचं प्रतिज्ञापत्र वेगळं – मी अमुक अमुक, शपथेवर सांगतो की झोपाळ्यात मी कोणताही बदल केला नाही, काळजीपूर्वक वापरला, वगैरे.

मी पेन पुढे केलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"मी सही करणार नाही."

"का?"

"नाही करणार."

"अहो, पण का?"

"श्रीखंड आण आत्ता."

श्रीखंड! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्यासाठी मी लढायचं, आणि ह्यांना नाव टाकायला जड जातंय! मी श्रीखंड वाढलं, पण बोलले नाही.

११ एप्रिल

अबोला.

१२ एप्रिल

हे म्हणाले, "झोपेत बोललीस माझ्याशी." काय बोलले ते सांगत नाहीत. हसू आलं, पण दाखवलं नाही.

२ मे, गुरुवार

तक्रार दाखल! ह्यांच्या सहीशिवाय. माझं प्रतिज्ञापत्र, फोटो, हॉस्पिटलचे कागद, कंपनीच्या माणसांनी "बरोबर बसवला" म्हणून दिलेली पावती. आणि तुटलेली कडी, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन तुकडे.

खिडकीवरच्या भाईंनी अर्ज चाळला. मी मागण्यांत पहिली लिहिली होती – "निष्काळजी हा शब्द कंपनीने मागे घ्यावा." ते म्हणाले, "बेन, शब्द पाछो लेवानी कोई कॉलम नथी." कॉलमच नाही म्हणे! पैशाची आहे, वस्तू बदलून देण्याची आहे, शब्दाची नाही. मी म्हटलं, मग शेवटी "इतर" आहे ना, तिथे लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पेनाने ठळक लिहिलं. चांगला माणूस.

येताना रिक्षात वारा लागत होता. गुलमोहर फुललेत. डोळे मिटले, रिक्षाच झुलायला लागली.

१८ जुलै, गुरुवार

कंपनीचं लेखी उत्तर. कारणं तरी किती! एक – झोपाळा "शोभेचा" आहे. दोन – सलग झुलण्यासाठी नाही. (मग काय पूजेला ठेवायचा?) तीन – वजन जास्त झालं असेल. ह्यांचं वजन बासष्ट किलो! चार – हवा दमट आहे. बडोद्याची हवासुद्धा ह्यांनी सोडली नाही.

कंपनीचा वकील अमदावादहून येतो, निळा टाय, आवाज मध घातल्यासारखा. म्हणाला, "जो माणूस पडला तोच समोर का येत नाही, मॅडम?"

मी म्हटलं, त्यांना चालवत नाही. खोटं नाही ते. पण खरं कारण मलाच माहीत नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे खिडकीतून बघत राहिले. "तू जिंकशील," म्हणाले. इतकं तोंड पाडून कुणी असं म्हणतं का?

३० जुलै

स्वप्न पडलं. सासूबाई झोपाळ्यावर, पदर खोचलेला, पायाने रेटा देतायत. मी म्हणते, सासूबाई, हा तुमचा नाही, हा कंपनीचा आहे. त्या म्हणतात, "असं कसं? आवाज तर माझा आहे." आणि पान लावत बसतात. जागी झाले तर तोंडात विड्याची चव.

४ सप्टेंबर

तारीख. पुढची तारीख.

६ नोव्हेंबर

वकील आजारी. तारीख. शेजारच्या भक्तीबेन म्हणतात, "नयनाबेन, छोडो ने हवे!" सोडा म्हणे. सोडते की!

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

जिंकले!! जिंकले जिंकले जिंकले!

निकालात स्पष्ट आहे – "तक्रारदाराच्या पतीचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही." आणि झोपाळ्याचे पैसे, ऑपरेशनचा खर्च. आणि "इतर"मध्ये त्या भाईंनी जे लिहिलं होतं, त्याबद्दल – कंपनीने पत्रातलं विधान लेखी मागे घ्यावं. लेखी!

खिडकीवरच्या भाईंना पेढा दिला. म्हणाले, "जोयुं? कॉलम बनी गयी!" बघा, बनली कॉलम!

उत्तरायणाचे पतंग अजून झाडांत अडकलेले. सगळे रंग डोळ्यांपुढे तरंगत होते. रिक्षावाल्याला दोनदा सुभानपुरा सांगितलं आणि दोनदा नागरवाडा म्हणाले.

ह्यांना निकाल वाचून दाखवला. ते वाक्य तीनदा वाचलं. ह्यांनी माझा हात धरला, बराच वेळ. हात गार होता. "फार कष्ट घेतलेस गं," एवढंच. मला वाटलं होतं, उजळतील. हे तर जास्तच थकल्यासारखे दिसले.

कदाचित आनंदही अंगावर येतो ह्या वयात.

१० मार्च, सोमवार

कंपनीने अपील केलं. अमदावादला, राज्य आयोगात. पैसे द्यायला तयार आहेत, असं वकिलाने पूर्वीला फोनवर सांगितलं. पण "विधान मागे" लिहून देणार नाहीत. म्हणजे त्यांनाही शब्दच जड जातोय! चला, निदान एका गोष्टीवर आमचं एकमत आहे.

पूर्वी म्हणाली, "आई, पैसे घे आणि संपव." मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या नावापुढे हा शब्द ठेवून मी झोपू शकणार नाही. ती म्हणाली, तू कुठेही झोपतेस! लबाड.

२४ जून, मंगळवार

अमदावाद. सकाळची गाडी. खिडकीजवळ जागा मिळाली, शेतांत पाणी साचलेलं, त्यात आभाळ. आणंद स्टेशन गेलं ते कळलंच नाही. झोपेत काहीतरी बोलले असणार, कारण समोरची बाई माझ्याकडे बघून हसत होती. "शुं मागता हता, बेन?" मी काय मागत होते? मला कसं कळणार! जो ऐकतो तो घरी, वॉकर धरून.

आयोगात आमचा नंबर आलाच नाही. तारीख.

परतताना वाटलं, ह्यांच्याशिवाय मी झोपेत बोलले तर ते बोलणं वायाच जातं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज हद्द झाली.

निळा टाय उभा राहिला आणि एकदम नवीनच सूर. "मुळात तुटलेली कडी आमच्या कंपनीची नाहीच. आमच्या प्रत्येक कडीवर आतल्या बाजूला ठसा असतो. हिच्यावर नाही."

मी उठून उभी राहिले. "दीड वर्ष झोपला होतात का? हवा दमट होती, वजन जास्त होतं, तेव्हा कडी तुमची होती! आता हरलात तर कडी परकी?" मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी वकिलाला विचारलं, आधी का नाही सांगितलंत? तो गडबडला. तरी त्या म्हणाल्या, बारा नोव्हेंबरला दोन्ही बाजूंनी काय दाखवायचं ते आणा, मग शेवटचं.

घरी आले ती तडक बाल्कनीत. गोणपाट सोडलं. बाकीच्या कड्या एकेक करून बघितल्या. आहे ठसा. सगळ्यांवर आहे, नखाएवढा.

मग ह्या एकीवर का नाही? विसरले असतील मारायचा! घाईत, एकीवर. आता सांगा, निष्काळजी कोण?

ह्यांना सांगितलं. म्हटलं, ऐका नवीन विनोद, कडी आमची नाही म्हणे! हे हसतील असं वाटलं. ह्यांनी कप खाली ठेवला, बशीत चहा सांडला.

"असं म्हणाले?"

"हो."

"आणि तू?"

"मी झाडलं चांगलं."

हे उठून आत गेले. वॉकरचा आवाज, टक्, टक्, मग दार.

१ सप्टेंबर

ह्यांना विचारलं, तुम्हाला ह्या केसची लाज वाटते का? म्हणाले, नाही. मग काय वाटतं? "मला तुझी काळजी वाटते." माझी? मी काय पडले का!

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. तेल लावलं, ओवाळलं. ह्यांनी साडी दिली, मोरपंखी. मग म्हणाले, "ह्या वर्षी उलटं करू. मी मागतो, तू दे."

"मागा."

"बारा तारखेला जाऊ नकोस. पैसे घे, सही कर, संपव."

मी हसणार होते, पण ह्यांचा चेहरा बघून थांबले. म्हटलं, काहीही मागा, हे नको. हा शब्द तुमच्या माथी राहिला तर मला आरशात बघवणार नाही. एकतीस वर्षं तुम्ही लोकांचे जीव सांभाळलेत. एक हातोडी घेऊन. आणि कुणीतरी गुळगुळीत कागदावर...

 ह्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं," म्हणाले. "बरं, नको तर नको."

दुपारी झोपले. झोपाळा नसलेल्या खोलीत झोपाळ्याचा आवाज ऐकला. कुर्र-कुई. कुणीतरी स्टुलावर चढलंय, खाली मी नाही. स्टूल कुणी धरलं नाहीये. मी ओरडते, धरा, धरा! जागी झाले. हे शेजारी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. "काही मागितलं का मी?" विचारलं. "नाही," म्हणाले. "आज काही नाही."

१० नोव्हेंबर, सोमवार

एक मस्त युक्ती सुचली! आंघोळ करताना. सासूबाईंची कडी घेऊन जायची. तुटलेली कडी आयोगाकडे आहेच. शेजारी सासूबाईंची ठेवायची आणि म्हणायचं, बघा बाई, ही साठ वर्षांची, पादऱ्याची, ठसा नाही की बिसा नाही, अजून शाबूत! आणि ही तुमच्या मोठ्या कंपनीची, दोन महिन्यांत दोन तुकडे. निळ्या टायची बोलती बंद.

ह्यांना अजून सांगितलं नाही. उद्या सांगते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रंक उघडली. लाल पंच्याची गाठ सोडली. आत नवी कोरी कडी. आतल्या बाजूला ठसा.

ती हातात घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. हे म्हणाले, "त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, एका दुपारी. झोपाळ्यावर झोपली होतीस. म्हणालीस, सासूबाईंची कडी लावा ना ह्याला, मुका आहे हा. चिंचेने घासून लावली."

"वाजवून नाही बघितली?"

"आईची होती गं. तिला काय हातोडी मारायची?"

"मला सांगायचं नाही का?"

"स्वतःला खात बसली असतीस. त्यापेक्षा मी निष्काळजी बरा."

दोघंही रडलो. उद्या सकाळची गाडी. ठशाची कडी पर्समध्ये ठेवली आहे. ह्या वेळी हेही येतायत, वॉकर घेऊन. म्हणाले, खरं काय ते लिहून घे, आता सही करतो.